मौजे तुंगार्ली आणि मिन्योतील धर्मग्राम

लोणावळ्याच्या उत्तरेस जमीन किंचित चढत जाऊन तलावाच्या बांधापाशी थांबते, आणि तेथून पुढे फणसराईवरून राजमाचीच्या उधेवाडीकडे जाणारी जुनी पायवाट सुरू होते. त्या जागी तुंगार्ली हे गाव आहे. आज ते नगरपालिकेच्या हद्दीत आले असून बंगले, विश्रामगृहे आणि सुटीच्या दिवशी येणाऱ्या मोटारी यांच्या गर्दीत त्याचे गावपण शोधावे लागते. परंतु १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी वर आली, त्यापूर्वीची शेकडो वर्षे या पठारावरील वस्त्या म्हणजे भाताची खाचरे, उतारावरची नाचणी-वरई आणि पावसाळ्याआधी राब भाजून काळे केलेले तुकडे एवढ्यावर जगणारी लहान लहान मौजेच होती. अशा मौजाला मध्ययुगीन इतिहास असतो काय, आणि असल्यास तो कोठे ठेवलेला असतो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण बखरकाराची दृष्टी लोहगडावर आणि राजमाचीवर खिळलेली असते, गडाखालच्या गावावर ती क्वचितच उतरते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम एका दूरच्या देशाकडे वळावे लागते. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला मिन्यो आणि डोरो या दोन नद्यांच्या मधला मुलूख आपल्या मावळासारखाच डोंगराळ आणि पावसाळी आहे. तेथेही शेताचे तुकडे लहान, वस्ती विखुरलेली आणि दगड भरपूर. या मुलखातील ग्रामव्यवस्थेचा सर्वांत खालचा घटक म्हणजे एका चर्चभोवती बांधली गेलेली वस्ती. वसईकडील आपले ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात तोच हा घटक. सहाव्या शतकात, स्वेव्ह राजांच्या अमदानीत, ब्रागा आणि आसपासच्या बिशपांच्या हाताखालील अशा धर्मग्रामांची एक यादी तयार झाली होती, आणि ती आजही उपलब्ध आहे. पोर्तुगाल हे स्वतंत्र राज्य म्हणून मान्य झाले ते ११४३ साली. म्हणजे राज्य जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके त्याची गावे नांदत होती. चर्चला दशमांश कोणी द्यायचा, बाप्तिस्मा कोठे घ्यायचा, प्रेत कोणत्या अंगणात पुरायचे, यावरून गावाची शीव ठरत गेली आणि पुढे तीच शीव मुलकी कारभाराने उचलली. आजही त्या देशात नगरपालिकेच्या खालचा निवडणुकीचा घटक हाच आहे, आणि २०१३ साली सरकारने असे हजाराहून अधिक घटक एकमेकांत विलीन केले.

परंतु मिन्योतील एखाद्या आडगावाचा तेराव्या शतकातील इतिहास आज बारकाईने लिहिता येतो, तो या चर्चमुळे नव्हे. त्याचे श्रेय वसुलीच्या एका चौकशीकडे जाते. आपले हक्क सरदारांनी आणि मठांनी गिळंकृत केले आहेत असा राजाला संशय आला, म्हणून दुसरा अफोन्सो याने १२२० साली आणि तिसरा अफोन्सो याने १२५८ साली या भागात चौकशी-अधिकारी पाठविले. हे अधिकारी धर्मग्रामागून धर्मग्राम फिरले. प्रत्येक ठिकाणी तेथील पाद्री आणि गावातील जाणते लोक यांना शपथ घालून विचारण्यात आले: या चर्चचा आश्रयदाता कोण, राजाची जमीन कोणती, तिच्याबद्दल काय द्यावे लागते, आणि ते देणे कोणी बुडविले आहे काय? उत्तरे लिहून घेतली गेली. कोण किती कोंबड्या देतो, किती अंडी, किती भाकरी, तागाच्या कापडाचे किती माप, राजाचा कारभारी गावात आला म्हणजे त्याला जेवण कोणी घालायचे, किल्ल्याच्या बांधकामावर कोणी राबायचे, असा तो सारा तपशील आहे. साक्षीदाराने एखादी गोष्ट सांगितली की ती तुला कशी ठाऊक, असेही विचारीत. आणि तो सांगे की मी स्वतः पाहिली, किंवा बापाकडून ऐकली.

या कागदांत एक विलक्षण चाल नोंदलेली आढळते. सरदाराचे मूल एखाद्या कुणब्याच्या घरी दूध पाजण्यासाठी व वाढविण्यासाठी ठेवले, की त्या घराला सरदाराच्या प्रतिष्ठेचा स्पर्श झाला असे मानून ते राजाच्या देण्यातून सुटे, आणि मग एका घराच्या आधाराने शेजारची घरेही सुटू पाहत. दिनीश राजाने तेराव्या शतकाच्या अखेरीस या प्रकाराला बंदी केली. कर चुकविण्याची ही युक्ती वाचताना मला त्या अनाम दाईचा विचार सुटत नाही. तिच्या कडेवरच्या पोराने एका गावाचा महसूल अडविला आणि त्यामुळेच तिचे घर सातशे वर्षांनी आपल्याला दिसते. राजा वसुलीसाठी विचारीत होता हे खरे. पण विचारले गेले म्हणून गाव बोलले, आणि बोललेले लिहिले गेले.

आता मावळाकडे पाहू. तुंगार्लीपासून जवळच असलेल्या कार्ले येथील लेण्यात सातवाहनकाळचे शिलालेख आहेत. त्यांत भिक्षुसंघाला करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि एका लेखात तो प्रदेश 'मामाल' आहारात, म्हणजे त्या नावाच्या कारभारी विभागात, असल्याचे म्हटले आहे. हा मामाल म्हणजेच आपले मावळ. दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलती, राजाच्या माणसांनी तेथे शिरू नये अशा स्वरूपाच्या, त्या काळच्या दानलेखांत नोंदविल्या जात. म्हणजे या खोऱ्यातील एखाद्या गावाचे नाव सर्वप्रथम कोरले गेले ते कोणी पराक्रम केला म्हणून नव्हे. त्या गावाचे उत्पन्न कोणाकडे जावे हे ठरवायचे होते म्हणून. मिन्योतील चौकशी आणि कार्ल्याचा लेख यांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. तरी दोहोंची प्रेरणा एकच आहे.

बहामनी काळात शिरताना एका दुष्काळाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आलेला आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे टिकलेला दुर्गादेवीचा दुष्काळ दक्षिणेच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. गावेच्या गावे ओस पडली, शिवा बुजल्या, घाटमाथ्यावरील गड आणि नाकी स्थानिक नाईकांच्या हाती गेली. पुढे १४२९ च्या सुमारास बहामनी सुलतानाने मलिक-उत्-तुज्जार यास हा मुलूख सावरण्यासाठी पाठविले, आणि त्याच्या बरोबर दादो नरसू काळे या ब्राह्मण कारभाऱ्यास जुन्या वतनदारांच्या साहाय्याने गावे पुन्हा वसविण्याचे काम सोपविले. लागवडीला आलेल्या रयतेकडून पहिल्या वर्षी काहीच घ्यावयाचे नाही, आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे फक्त एक तोबरा भरून धान्य घ्यावयाचे, अशी शर्त होती. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी. ओसाड गावात पुन्हा नांगर धरणाऱ्या माणसापुढे सरकार घोड्याची पिशवी घेऊन उभे राहते, एवढ्या एका तपशिलात त्या काळाचे सारे राजकारण सामावलेले आहे. रयत जगली पाहिजे, कारण घोडा जगला पाहिजे.

आणि हे घोडे येत कोठून? बरेचसे समुद्रातून येत. अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडून आलेली जनावरे चौलच्या बंदरात उतरत आणि तेथून सह्याद्रीच्या घाटांनी देशावर चढत. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच चौलास उतरला आणि पालीवरून डोंगर चढून जुन्नरास पोहोचला. त्याने बरोबर एक घोडा आणला होता, विकण्याच्या आशेने. जुन्नरच्या खानाने तो अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर देईन असे म्हटले. चार महिने अखंड पडणारा पाऊस आणि चिखल यांचे त्याने वर्णन केले आहे. बोरघाट काय किंवा पालीकडची वाट काय, अशा प्रत्येक वाटेच्या माथ्यावर चढणीने दमलेल्या जनावरांना पाणी, वैरण आणि रात्रीचा आसरा द्यावा लागे. घाटमाथ्यावरील गावांचा मध्ययुगीन जीवनक्रम या एका गरजेवर उभा होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मावळातील मौजाची रचना अशी. गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणत. पांढरीचा प्रमुख पाटील, त्याच्या हिशेबाला कुळकर्णी, मदतीला चौगुला. वडिलोपार्जित जमीन धरणारे ते मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारे ते उपरी. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, महार, मांग, गुरव आदी बलुतेदार कामाच्या मोबदल्यात खळ्यावरचा वाटा घेत. गावांचा समूह ती तर्फ. मावळे बारा मानली जात, आणि प्रत्येक खोऱ्यावर देशमुख-देशपांड्यांचा वतनी अधिकार असे. निजामशाहीच्या उत्तरकाळात मलिक अंबरने जमिनीची प्रतवारी आणि आकारणी यांची नवी पद्धत बसविली. १६३० च्या दुष्काळानंतर आणि पुणे परगण्याच्या विध्वंसानंतर शहाजीराजांच्या जहागिरीत दादाजी कोंडदेवांनी पुन्हा इस्ताव्याचे कौल देऊन, म्हणजे पहिल्या वर्षी अत्यल्प आणि पुढे वर्षागणिक चढत्या दराने सारा घेण्याचे लेखी अभय देऊन, मावळची रयत जमिनीवर आणली. दोनशे वर्षांपूर्वीचा तोबरा आणि हा इस्तावा एकाच कुळातले आहेत.

गाव बोलू लागते ते तंटा उभा राहिल्यावर. पाटीलकी कोणाची, दोन गावांमधील शीव कोणत्या ओढ्याने जाते, होळीची पहिली पोळी कोणाची, असा प्रश्न निघाला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि बारा बलुते एकत्र येत. साक्षीदारांना देवळात, बेलभंडार उचलून, पूर्वजांची आण घालून विचारीत. आणि निर्णयाचा महजर लिहीत. एवढ्याने न भागले तर दिव्य असे: तापल्या तेलातून किंवा तुपातून धातूचा रवा काढावयाचा आणि मग हात पिशवीत बांधून ठेवून काही दिवसांनी पाहावयाचा. महजराच्या तळाशी लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. असा एखादा मोडी महजर उलगडून पाहावा. वरचा मजकूर एका हाताचा आणि रेखीव असतो, तळाशी मात्र नांगरांची रांग लागलेली असते, एकाचा फाळ मोठा, दुसऱ्याचा इसाड वाकडा. शेतकऱ्याने स्वतः काढलेली ती रेघ आहे. राजाच्या मुद्रेइतकाच मान मी तिला देतो.

मावळच्या इतिहासाचे पुष्कळसे अस्सल साहित्य अशाच हक्काच्या भांडणांतून आलेले आहे, याचे मोठे उदाहरण म्हणजे जेध्यांचा करीना. कारीच्या जेधे देशमुखांनी आपल्या वतनाची आणि सेवेची हकीकत त्यात मांडली, आणि अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांच्या बाजूने कसे उभे राहिले हे आपल्याला त्यामुळे कळते. हक्क सिद्ध करण्यासाठी घराण्याला आठवावे लागले.

लढायांचा वाटा या गावांच्या दैवात काय होता, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोगल फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला तेव्हा शिवाजीमहाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडले. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त या रानास तुंगारण्य म्हटले आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड आणि विसापूर होते, आणि १६७० मध्ये लोहगड परत आला. प्रत्येक अदलाबदलीबरोबर गडाला पेंढा, गवत, लाकूड आणि वेठीची माणसे पुरविणाऱ्या गावांचा धनी बदले, देणे मात्र तेच राही. किल्ल्याच्या कामाची वेठ मिन्योतही होती आणि मावळातही, हे साम्य मला सर्वांत बोलके वाटते. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, आणि फारच जीर्ण झाड लागले तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावे, असे बजावले आहे. लेकरासारखे वाढविलेले झाड सरकारी कुऱ्हाडीखाली जात असे म्हणूनच ही आज्ञा लिहावी लागली.

तुंगार्लीच्या अगदी शिवेला लागून असलेले वळवण तर मराठ्यांच्या इतिहासात एका दिवसापुरते मध्यभागी आले. १७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी शाहू छत्रपतींचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद करून लोहगड-राजमाचीचा टापू घेतला. त्यानंतर पेशवाईची वस्त्रे मिळालेले बाळाजी विश्वनाथ युद्धापेक्षा बोलणे बरे असे ठरवून कान्होजींना वळवण येथे भेटले, आणि १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मानले, बहिरोपंत सुटले, जिंकलेला मुलूख परत झाला. राजमाची तेवढी आंग्र्यांकडे राहिली. पुढील शंभर वर्षांच्या मराठी राज्याची दिशा या भेटीने ठरविली. दोन लष्करांना दाणा-वैरण मात्र कोणत्या खळ्यांवरून गेली, हे तहनाम्यात लिहीत नसतात.

इतका वेळ मिन्यो आणि मावळ यांची केवळ तुलना केली. पण या दोन मुलखांची प्रत्यक्ष गाठही पडलेली आहे. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले ते गाव मोजण्याची ती जुनी सवय घेऊनच आले. गोवा घेतल्यावर सोळा वर्षांनी, १५२६ साली, अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तेथील गावकऱ्यांचे रीतिरिवाज विचारून लिहून घेतले: गावकर कोण, जमिनीचे देणे किती, गावचा कुळकर्णी काय लिहितो, मानाचा विडा कोणी आधी घ्यायचा. १५३४ मध्ये वसई हाती आल्यावर सिमाँव बोतेल्यू याने १५५४ साली वसईकडील उत्पन्नाची नोंदवही गाववार तयार केली, आणि तीत परगण्याला परगणाच म्हटले. चौलला म्हणजे रेवदंड्याला त्यांना १५२१ मध्ये निजामशाहीकडून ठाणे घालण्यास परवानगी मिळाली. १५७१ चा मुर्तझा निजामशहाचा वेढा त्यांनी सोसला. आणि १५९४ मध्ये खाडीच्या पलीकडचा कोर्लईचा डोंगरी कोट त्यांनी निजामशाहीकडून जिंकला.

त्या कोटाच्या पायथ्याशी कोर्लई हे गाव आहे, तुंगार्लीपासून सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटरवर. आपल्या या बाजूला पोर्तुगीज वळणाचे ग्रामीण धर्मग्राम पाहावयाचे तर ते येथे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढील वर्षी चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली. फिरंगी निघून गेले, पण येथील ख्रिस्ती शेतकरी-कोळी कुटुंबे आपल्या चर्चभोवती राहिली. आजही सुमारे हजार माणसे घरात जी बोली बोलतात तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत आणि वाक्याची चाल मराठी आहे: क्रियापद अखेरीस येते, आणि लोटणे यासारखी मराठी क्रियापदे खास वेगळ्या प्रत्ययाने तीत सामावून घेतली जातात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली या बोलीवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. राज्य गेल्यावरही धर्मग्राम उरते, ही गोष्ट स्वेव्ह राजांनंतर मिन्योत घडली तशीच कुंडलिकेच्या मुखाशी घडली.

पोर्तुगालमधील त्या तेराव्या शतकातील चौकश्या एकोणिसाव्या शतकापासून छापून निघू लागल्या. अलेक्झांद्रे एर्कुलानू या इतिहासकाराने लिस्बनच्या विज्ञान अकादमीतर्फे आरंभिलेल्या साधनमालेत त्या आल्या. आज तेथील एखाद्या गावच्या शिक्षकाला आपल्या गावाचे नाव १२५८ च्या पानावर काढून दाखविता येते, आपल्या पूर्वजांनी शपथेवर काय सांगितले ते वाचता येते. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, आणि १९३० पासून सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. हे कार्य डोंगराएवढे आहे. तथापि निवड करणाऱ्याची नजर स्वाभाविकपणेच तहांवर, मोहिमांवर आणि घराण्यांवर होती. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील असंख्य मोडी रुमालांत गावझाडे, ताळेबंद, इनामांच्या सनदा आणि जकातीचे हिशेब पडून आहेत. ते मौजेवार लावण्याचे काम कोणा एका विद्वानाच्या आयुष्याने संपणारे नव्हे. त्यासाठी त्या त्या खोऱ्यातील माणसे हवीत. कागदावरचा ओढा आपल्या शिवारातला कोणता, हे ओळखणारी. खाचरांची जागा घरांनी घेतली असली तरी ओढ्यांची आणि टेपाडांची नावे सांगणारी वडीलधारी माणसे घाटमाथ्यावर अजून आहेत. मोडी शिकलेल्या एखाद्या तरुणाने वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे, शीव कोठून कोठे जाते ते विचारावे, आणि तुम्हांला हे कसे ठाऊक, हा १२५८ सालचा प्रश्नही विचारून उत्तर लिहून ठेवावे.